नर्मदेवरचा ‘गोल्डन ब्रिज’ : बीड, घडीव लोखंड आणि पुराचा हिशेब

बडोद्याच्या खंडेराव मार्केटची भव्य इमारत पाहणाऱ्याला ती आधी एखाद्या राजवाड्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती बाजारासाठी उभी राहिली. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारभाराला पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १९०६ मध्ये ती शहराच्या नगरपालिकेला भेट मिळाली. आज तिथे महानगरपालिकेची कार्यालये आहेत आणि मागच्या अंगाला भाजी-फुलांचा बाजार भरतो. इमारतीला नाव आहे सयाजीरावांच्या आधीच्या पिढीतील खंडेराव महाराजांचे. त्यांच्याच पत्नी जमनाबाईंनी १८७५ मध्ये सयाजीरावांना दत्तक घेतले होते.

ज्या कारभाराची ही पंचविशी होती, तो सुरू झाला १८८१ च्या डिसेंबरात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बडोद्याच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरवर, भरुच येथे नर्मदेवर एक लोखंडी पूल वाहतुकीस खुला झाला. कागदोपत्री तो ‘नर्मदा पूल’ होता. लोकांनी त्याला ‘गोल्डन ब्रिज’ म्हटले. आधी रेल्वेचा आणि नंतर रस्त्याचा म्हणून या पुलाने एकशे चाळीस वर्षे सेवा दिली. मडगावहून वसईमार्गे बडोद्याकडे जाणाऱ्या गाडीने अंकलेश्वर सोडले की नर्मदेच्या रुंद पात्रात, रेल्वेच्या पुलाशेजारी दिसणारी लोखंडी जाळ्यांची लांबलचक रांग ती हीच.

लोखंडाचा पूल कसा उभा राहतो, कशाने कोसळतो आणि त्याला निवृत्त केव्हा करावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका पुलाच्या चरित्रात सापडतात. पुलांच्या दुर्घटनांनी वारंवार हादरणाऱ्या पश्चिम किनाऱ्याला ती जाणून घेण्याची गरज आहे.

दोन तुकड्यांचे संस्थान आणि मधली नदी

बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत ब्रिटिश मुलखात आणि इतर संस्थानांत विखुरलेले होते. खुद्द बडोदा प्रांत आणि दक्षिणेकडील नवसारी प्रांत यांच्यामध्ये ब्रिटिशांचा भरुच जिल्हा होता, आणि त्या जिल्ह्यातून समुद्राकडे जाणारी नर्मदा. पावसाळ्यात ती ओलांडणे म्हणजे होडी, नावाडी आणि नशीब यांच्यावर विसंबणे.

‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया’ या रेल्वे कंपनीची स्थापना १८५५ मध्ये झाली. गुजरातचा कापूस बंदरापर्यंत आणणे हा तिचा मुख्य हेतू होता. तिचे काम मुंबईतून नव्हे, तर सुरतेच्या परिसरातून सुरू झाले. १८६० च्या फेब्रुवारीत अंकलेश्वर ते तापीकाठचे उत्राण हा पहिला टप्पा खुला झाला. १८६१ च्या जानेवारीत गाडी बडोद्याला पोहोचली. मुंबईशी सलग जोडणी १८६४ च्या अखेरीस झाली. या सर्व काळात बडोद्याच्या गादीवर खंडेराव महाराज होते. त्यांनाही लोहमार्गाचे आकर्षण होते. १८६२ मध्ये त्यांनी डभोई ते मियागाम असा सुमारे बत्तीस किलोमीटरचा अरुंद मार्ग टाकला. भारतातील पहिल्या ‘नॅरो गेज’ मार्गाचा मान त्याला मिळतो. त्यावरचे डबे मात्र बैल ओढत. रूळ इतके हलके होते की वाफेच्या इंजिनाचे वजन त्यांना पेलवले नाही. नियमित इंजिने धावण्यास पुढे सुमारे दहा वर्षे जावी लागली. बांधकाम किती भार पेलू शकते आणि आपण त्यावर किती भार टाकतो, हा प्रश्न या कथेत पुन्हा पुन्हा येणार आहे.

बिडाचा तवा आणि पुलाची तुळई

आता थोडे धातूविषयी. ज्याला आपण सरसकट ‘लोखंड’ म्हणतो, त्याचे पुलांच्या दृष्टीने तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या बोलीत ‘बीड’. त्यात कर्बाचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असते. ते वितळवून साच्यात ओतता येते, म्हणून हवा तो आकार स्वस्तात मिळतो. ज्या घरात आंबोळ्यांसाठी बिडाचा तवा आहे, त्या घरात त्याचा स्वभावही ठाऊक असतो. तो वर्षानुवर्षे टिकतो, उष्णता धरून ठेवतो. पण हातातून फरशीवर निसटला तर वाकत नाही, सरळ तडकतो. बीड दाबाखाली अतिशय मजबूत आणि ताणाखाली दुबळे असते. शिवाय मोडण्यापूर्वी ते कोणतीही सूचना देत नाही.

दुसरा प्रकार घडीव लोखंडाचा. त्यात कर्ब जवळजवळ नसतोच. भट्टीत ढवळून, घणाखाली ठोकून आणि लाटून ते तयार होते, त्यामुळे धातूत मळीचे बारीक तंतू लाकडातील रेषांसारखे पसरलेले राहतात. असे लोखंड ताण सहन करते आणि मोडण्याआधी वाकते. तिसरा प्रकार पोलादाचा. कर्बाचे प्रमाण नेमके राखल्याने त्यात बळकटी आणि लवचिकपणा एकत्र येतात. मात्र मोठ्या प्रमाणावर आणि खात्रीचे पोलाद पुलांसाठी मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत.

हा भेद अभियंत्यांना सहजासहजी उमगला नाही. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेल येथे १७७९ मध्ये उभारलेला जगातील पहिला मोठा बिडाचा पूल कमानीचा होता. कमानीत प्रत्येक भाग शेजारच्या भागाला दाबतो, म्हणून बीड तिथे शोभले आणि तो पूल अजून उभा आहे. रेल्वे आल्यावर मात्र सरळ, आडव्या तुळया हव्या झाल्या. आडव्या तुळईवर भार आला की तिची वरची कड दाबली जाते आणि खालची कड ताणली जाते. बिडाला न झेपणारे काम नेमके खालच्या कडेला करावे लागते. १८४७ च्या मे महिन्यात चेस्टर येथे डी नदीवरील बिडाची तुळई गाडी जात असताना तुटली आणि पाच जण दगावले. त्यानंतर तुळयांसाठी घडीव लोखंड आणि खांबांसाठी बीड, अशी वाटणी रूढ झाली.

बैलांनी फिरवलेले मळसूत्र

नर्मदेवरचा पहिला रेल्वे पूल याच वाटणीवर बेतलेला होता. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी यांनी सगळ्या मार्गासाठी एकच साचा ठरवला होता. साठ-साठ फुटांचे गाळे, त्यांवर ‘वॉरेन’ पद्धतीच्या त्रिकोणी जाळीच्या घडीव तुळया आणि खाली बिडाचे मळसूत्री खांब. सुटे भाग इंग्लंडमध्ये तयार होत, जहाजाने येत आणि इथे जुळवले जात. एकच माप असल्याने कोणताही भाग कोणत्याही नदीवर चाले.

मळसूत्री खांब ही बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल या अंध अभियंत्याची १८३३ ची कल्पना. खांबाच्या टोकाला रुंद पात्याचा स्क्रू असतो आणि खांब फिरवला की तो वाळूत रुतत जातो. त्याला पात्रात कोरडी जागा लागत नाही, खोल खणावेही लागत नाही. इथल्या नद्यांत खांबांना लांब दांडे जोडून ते बैलांच्या जोरावर फिरवले गेले. खंडेरावांच्या मुलखात रूळही बैलांच्या भरवशावर आणि पुलाचा पायाही!

ही युक्ती स्वस्त होती, वेगवान होती. परंतु नर्मदेचा स्वभाव तिने हिशेबात धरला नव्हता. भरुचजवळ नदी खाडीसारखी रुंद होते आणि तिथे भरती-ओहोटी पोहोचते. पात्राचा तळ वाळूचा आहे. पुराचे पाणी खांबाला अडले की त्याच्या पायथ्याशी भोवरे तयार होतात आणि ते तळातील वाळू उकरून नेतात. वाहत्या पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. बारीक खांब आणि छोटे गाळे याचा अर्थ पात्रात खांबांची दाटी. त्या दाटीत वाहून आलेली झाडे अडकत आणि पाणी आणखी तुंबे. १८६० आणि १८७० च्या दशकांतील पुरांनी या पुलाचे गाळे वारंवार वाहून नेले. प्रत्येक वेळी डागडुजी झाली, पण नदीने मूळ आराखडाच नामंजूर केला होता.

पूल बहुधा वरून मोडत नाही, तो आधी खालून पोखरला जातो. एकोणिसाव्या शतकातील नर्मदेने हे शिकवले. तरीही आजही पूल तपासताना वरचा रस्ता पाहिला जातो आणि पाण्याखालचा पाया विसरला जातो.

हॉकशॉ यांचे उत्तर

नव्या पुलाचा आराखडा सर जॉन हॉकशॉ यांचा. काम ७ डिसेंबर १८७७ रोजी सुरू झाले आणि १६ मे १८८१ रोजी पूल खुला झाला. लांबी सुमारे १,४१२ मीटर आणि गाळे २५. म्हणजे एकेका गाळ्याची लांबी सरासरी साडेछप्पन्न मीटर, जुन्या गाळ्याच्या तिपटीहून अधिक. गाळे लांब केल्याने पात्रातील खांबांची संख्या घटली आणि पाण्याला वाट मोकळी झाली. खांबही बदलले. बारीक मळसूत्री दांड्यांच्या जागी जाडजूड लोखंडी नळकांडी खोलवर उतरवण्यात आली. वाळू धुपली तरी पाया हलू नये, हा त्यामागचा विचार.

लांब गाळ्यासाठी तुळईही तशीच हवी. भरीव तुळई इतकी लांब केली तर ती स्वतःच्याच वजनाने वाकेल. म्हणून जाळीदार तुळई वापरतात. त्रिकोण हा असा आकार आहे की त्याच्या बाजू न मोडता त्याला वेडावाकडा करता येत नाही. चौकोन मात्र सहज कलतो. जाळीतील काही पट्ट्या ताण घेतात, काही दाब घेतात आणि जिथे धातूची गरज नाही तिथे हवा राहते. या पट्ट्या रिव्हेटांनी जोडलेल्या असतात. रिव्हेट लालबुंद तापवून भोकात घालतात आणि दुसऱ्या टोकाला ठोकून डोके तयार करतात. तो थंड होताना आकसतो आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळतो.

उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. तापमान तीस अंशांनी वाढले, तर साडेछप्पन्न मीटरचा लोखंडी गाळा सुमारे दोन सेंटिमीटर लांब होतो. सगळ्या पुलाची वाढ धरली तर ती अर्धा मीटर भरते. ही वाढ कोंडली गेली तर तुळई तरी वाकेल किंवा खांब तरी सरकतील. म्हणून प्रत्येक गाळ्याला थोडी हालचाल करण्याची मोकळीक द्यावी लागते. सांध्यात कचरा साचून किंवा गंज धरून ही मोकळीक नाहीशी झाली, की पुलाचे दुखणे सुरू होते.

हे काम अर्ध्यावर असताना जगभरच्या अभियंत्यांची झोप उडवणारी घटना घडली. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरचा दीड वर्षापूर्वी खुला झालेला पूल वादळात कोसळला आणि त्याबरोबर एक प्रवासी गाडी नदीत गेली. सुमारे ७५ जण मृत्युमुखी पडले. तिथे उंच खांब बिडाचे होते. त्यांच्या ओतकामात दोष होते आणि वाऱ्याच्या आडव्या रेट्याचा पुरेसा विचार झाला नव्हता. त्यानंतर रेल्वे बांधकामांवरील वाऱ्याचा दाब ठरवण्यासाठी जो आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद हॉकशॉ यांच्याकडेच आले. प्रत्येक चौरस फुटावर ५६ पौंड दाब धरून पूल बांधावेत, अशी शिफारस आयोगाने १८८१ मध्ये केली. नर्मदेचा पूल त्याच वर्षी पुरा झाला.

‘सोन्याचा’ का?

नावाविषयी दोन समजुती आहेत. पुलावर आणि त्याआधीच्या दुरुस्त्यांवर इतका पैसा गेला की तेवढ्यात सोन्याचा पूल झाला असता, ही एक. त्याला न गंजणारे खास लोखंड वापरले होते आणि ते सोन्याइतके महाग पडले, ही दुसरी. दुसरीत अर्धेच सत्य आहे. न गंजणारे घडीव लोखंड असे काही नसते. मळीच्या तंतूंमुळे गंज आत शिरण्याचा वेग काहीसा मंदावतो, इतकेच. भरतीच्या खाऱ्या पाण्याजवळ उभ्या असलेल्या या पुलाला तारले ते मुख्यतः जाड धातूने, पाणी साचू न देणाऱ्या रचनेने आणि रंगाच्या थरांनी.

चांदीने सोन्याला सुट्टी दिली

विसाव्या शतकात इंजिने जड झाली, गाड्या लांबल्या. १९३५ मध्ये, राजे पंचम जॉर्ज यांच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, शेजारीच रेल्वेचा नवा पूल झाला आणि त्याला ‘सिल्व्हर ज्युबिली’ हे नाव मिळाले. जुना पूल पाडला गेला नाही. काही वर्षांत त्यावर रस्ता आला आणि मुंबई-बडोदा मार्गावरील मोटारी, मालमोटारी व बसगाड्या त्यावरून धावू लागल्या.

रेल्वेला अपुरा ठरलेला पूल रस्त्याला कसा पुरला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. वाफेच्या इंजिनाचा सगळा भार थोड्याशा लांबीत एकवटलेला असतो. त्या काळच्या मोटारी त्या मानाने कितीतरी हलक्या होत्या. जुन्या बांधकामाला हलके काम देणे ही दुरुस्तीची एक शहाणी रीत आहे. अडचण होती ती रुंदीची. रेल्वेच्या मापाच्या पुलावर दोन मोठी वाहने समोरासमोर आली की कोंडी ठरलेली. पुढे महामार्गासाठी सरदार पूल झाला आणि ७ मार्च २०१७ रोजी तारांनी तोललेला नवा पूलही खुला झाला. भरुच आणि अंकलेश्वर यांच्यातील रोजची ये-जा मात्र याच जुन्या जाळ्यांमधून चालू राहिली. जुलै २०२१ मध्ये शेजारचा चौपदरी ‘नर्मदा मैया पूल’ खुला झाला, तेव्हा गोल्डन ब्रिज वाहनांसाठी बंद करण्यात आला.

तरी त्याचे एक काम सुटलेले नाही. नर्मदेला पूर आला की भरुचची पातळी आजही ‘गोल्डन ब्रिजजवळ’ इतके फूट, अशीच सांगितली जाते. २४ फूट ही तिथली धोक्याची खूण. १९७० च्या सप्टेंबरातील महापूर या पुलाने पाहिला. २०२३ च्या सप्टेंबरात पाणी सुमारे ४० फुटांपर्यंत चढले, तेव्हाही तो उभा होता.

वय नव्हे, निगा

खंडेराव मार्केटमधील कार्यालये ज्या बडोद्याचा कारभार पाहतात, त्याच जिल्ह्यात पादरा तालुक्यातील मही नदीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ च्या सकाळी तुटला आणि वाहने नदीत पडून किमान वीस जणांचा बळी गेला. तो पूल अवघा चाळीस वर्षांचा होता. प्राथमिक तपासात आधाराचा भाग आणि सांधा चिरडल्याचे सांगण्यात आले. त्याआधी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, मोरबीचा एकोणिसाव्या शतकातील झुलता पूल तुटून १३५ जण दगावले. मुख्य दोरातील ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या आणि त्या आधीच तुटलेल्या असाव्यात, असे विशेष तपास पथकाने नोंदवले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुराने महाडचा दगडी पूल एसटीच्या दोन बसगाड्यांसह नेला. धातू, दगड, काँक्रीट यांपैकी काहीच स्वभावतः सुरक्षित नाही, हे या तीन घटना मिळून सांगतात.

गोव्याला हे सांगण्यासाठी गुजरातपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याचे वय पुरते वीस वर्षेही नव्हते. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेले पोलाद खाऱ्या हवेत गंजत होते आणि बाहेरून ते दिसत नव्हते. १८ मे २०१७ रोजी कुडचडे येथील पोर्तुगीजकालीन पादचारी पूल लोकांची गर्दी झाल्यावर नदीत कोसळला आणि दोघांचा जीव गेला. तो पूल वापरासाठी आधीच बंद होता. बंद करणे म्हणजे फलक लावणे नव्हे, हे त्या संध्याकाळी कळले. जो पूल वापरायचा नाही, त्यावर कुणाला पाऊल ठेवता येणार नाही अशी व्यवस्था तरी हवी किंवा तो उतरवून तरी घ्यायला हवा.

गोल्डन ब्रिजपुढेही आता हाच प्रश्न आहे. वाहने थांबली म्हणून गंज थांबत नाही. वारसा म्हणून तो राखायचा असेल, तर रंग, सांधे, रिव्हेट आणि पाण्याखालचा पाया यांची तपासणी वाहतूक असताना व्हावी तितक्याच काटेकोरपणे चालू ठेवावी लागेल. दीर्घायुष्याचे त्याचे रहस्य सोन्यात नव्हते. पहिल्या पुलाची चूक मान्य करून पाया खोल नेला गेला, इंजिने जड झाल्यावर त्याच्यावरचा भार हलका केला गेला, आणि पर्याय उभा राहताच, एखाद्या अपघाताची वाट न पाहता, त्याला रजा दिली गेली. हे तिन्ही निर्णय माणसांनी वेळेवर घेतले होते.